कोच गेला, भांडण राहिलं

लेक्सिंग्टन, केंटकी
शनिवार, १२ एप्रिल २०२५

तीर्थरूप आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

आज जोतिबाची यात्रा. घरात पाहुण्यांची वर्दळ असणार आणि फोन कुणी उचलणार नाही, हे धरूनच कागद घेऊन बसलोय. इकडे सगळे खुशाल आहोत. थंडी सरली, झाडं फुलली, कीनलँडला घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, त्यामुळे गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की केंटकीच्या बास्केटबॉल संघाला एवढं जिंकून दिलेल्या वस्तादाला, त्या जॉन कॅलिपारीला, लोक शिव्या का घालतात? मी "सावकाश सांगतो" म्हणून टाळलं, कारण हे दोन मिनिटांत सांगायचं काम नाही. आमच्या कारखान्यात हा विषय निघाला की चहाची सुट्टी संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

आधी गावाचा नाद समजून घ्या. केंटकी राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही, त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलचा नाही, बेसबॉलच्या मोठ्या लीगचाही नाही. सगळा जीव विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात. निळा रंग. मंदिराला चुना लावावा तसा इथं घरांना, दुकानांना, कुत्र्याच्या पट्ट्यालाही निळा रंग लावतात. आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद, पहिलं १९४८ चं, शेवटचं २०१२ चं. अडॉल्फ रप नावाचा कोच १९३० पासून १९७२ पर्यंत एकाच जागी होता आणि ८७६ सामने जिंकून गेला. वीस हजार माणसं बसतात त्या बंदिस्त मैदानाला त्याचंच नाव. आता अशा गादीवर कुणी बसला तर त्याला लोक काय सुखाने जेवू देणार?

जॉन कॅलिपारी २००९ मध्ये आला. माणूस बोलका, केस चापूनचोपून बसवलेले, आणि पोरं गोळा करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. इथं 'रिक्रूटिंग' म्हणजे कोच स्वतः सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या घरी जातो, आईसमोर सोफ्यावर बसतो, आणि पोरगं आमच्याकडेच का धाडा ते पटवून देतो. त्यात २००६ पासून एनबीएचा नियम असा, की शाळेतून सुटलेला पोरगा थेट व्यावसायिक संघात जाऊ शकत नाही, वय एकोणीस पाहिजे आणि मध्ये एक वर्ष गेलं पाहिजे. ते एक वर्ष घालवायचं कुठे? बाकीचे कोच असल्या एका वर्षाच्या पाहुण्यांना जरा लाजतच घ्यायचे. कॅलिपारी उघड म्हणाला, माझ्याकडे या, वर्षभरात तुम्हाला एनबीएत पोहोचवतो. आणि पोहोचवलंही. एनबीएचे संघ दरवर्षी नवी पोरं निवडून घेतात, २०१० साली एकाच रात्री त्याची पाच पोरं त्या निवडीच्या पहिल्या फेरीत गेली. तो म्हणाला, केंटकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. झालं! जुन्या लोकांच्या डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. सात कप (तेव्हा सातच होते) कपाटात असताना मोठा दिवस कुठला, तर पोरं सोडून गेली तो?

पण तेव्हा जिंकत होता म्हणून खपलं. २०१२ ला अँथनी डेव्हिस नावाचा ताडमाड पोरगा पहिल्याच वर्षी असा खेळला, की ४० पैकी ३८ सामने जिंकून कप घरी. पहिल्या सहा हंगामांत चार वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत. २०१५ ला तर ३८ सामने ओळीने जिंकले, एकही हार नाही, आणि उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरले. गंमत बघा आण्णा, इथला माणूस २०१२ चा कप एका वाक्यात संपवतो आणि विस्कॉन्सिनची हार तासभर सांगतो. कुठला पोरगा कुठे उभा होता, कुणाला बाहेर काढायला नको होतं, सगळं तोंडपाठ.

त्यानंतर कप तर सोडाच, शेवटचे चारही नाहीत. पोरं मात्र तशीच देशातली नंबरी. २०२१ ला ९ जिंकले, १६ हरले. २०२२ ला सेंट पीटर्स नावाच्या न्यू जर्सीतल्या एका छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत घालवलं. आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये ओकलंड.

ही ओकलंडची कहाणी मला आमच्या कँटीनमध्ये समजली, म्हणजे खरी समजली. आमच्याकडे मेंटेनन्सला एक साठीचा गडी आहे, टोयोटाचा जॉर्जटाउनचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून ह्या भागात यंत्रं दुरुस्त करतोय. तो कॅलिपारीचा भक्त. क्वालिटीत एक पंचविशीची मुलगी आहे, ती कट्टर विरोधक. एकदा दोघांची जुंपली. म्हाताऱ्याने तपासणीचा रद्दी कागद उलटा केला आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी डाव्या बाजूला कॅलिपारीने एनबीएत धाडलेल्या पोरांची नावं लिहीत सुटला: वॉल, कझिन्स, डेव्हिस, टाउन्स, बुकर, फॉक्स, आडेबायो, शे गिल्जस-अलेक्झांडर (हा यंदा एनबीएत सगळ्यात जास्त गुण काढतोय). कागद संपत आला तरी नावं संपेनात. पोरीने पेन घेतलं आणि उजव्या बाजूला फक्त तीन नावं लिहिली: सेंट पीटर्स, कॅन्सस स्टेट, ओकलंड. गेल्या तीन वर्षांत स्पर्धेतून ज्यांनी बाहेर काढलं ते. तो कागद अजून कँटीनच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. डाव्या बाजूला कुणीतरी एक ऑमलेटचा डागही पाडलाय.

तर ओकलंड हे मिशिगनमधलं कॉलेज, चौदावं मानांकन. केंटकीला तिसरं. ओकलंडकडे जॅक गोल्की म्हणून चोवीस वर्षांचा एक गडी होता. हिल्सडेल नावाच्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळून शेवटच्या वर्षी तिथं आलेला. आत घुसून बास्केट करणं त्याच्या गावीच नाही, लांबूनच मारायचे. त्या दिवशी तीन गुणांची दहा बास्केट घातली, एकट्याने ३२ गुण. निकाल ८०-७६. समोर कोण, तर अख्ख्या देशातून वेचून आणलेली केंटकीची पोरं. पोरीचं म्हणणं, ह्या गोल्कीच्या घरी जाऊन सोफ्यावर कुणी बसलं नव्हतं आणि तोच आमच्या उरावर बसला. म्हाताऱ्याचं म्हणणं, एखाद्याच्या अंगात वारं आलं तर कोच काय करणार?

मला विचाराल तर पोरगी अर्धी बरोबर आहे. कोविडमध्ये सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालं, मग कॉलेज बदलायचे नियम सैल झाले, त्याला इथं 'पोर्टल' म्हणतात. मैदानात तेवीस-चोवीस वर्षांचे पिळलेले गडी दिसायला लागले. कॅलिपारी मात्र अठरा वर्षांची पोरं घेऊनच उतरत राहिला. अठराव्या वर्षी उडी कितीही उंच असली तरी शेवटच्या चार मिनिटांत डोकं जाग्यावर राहत नाही. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण ज्या डावाने नाव झालं तो डाव सोडवत नव्हता.

पण नुसत्या हरण्याने लोक इतके पेटत नाहीत. दुखणं दुसरीकडेच आहे. गेल्या वर्षी त्या संघात रीड शेपर्ड नावाचा पोरगा होता. ह्याच राज्यातल्या लंडन नावाच्या छोट्या गावचा. बाप १९९८ च्या कपवाल्या संघातला, आई पण ह्याच विद्यापीठाकडून खेळलेली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. आणि कॅलिपारी त्याला बहुतेक सामन्यांत सुरुवातीला बाकावर बसवायचा. पुढे जूनमध्ये एनबीएने त्याला तिसऱ्या नंबरवर उचलला! ह्या एका गोष्टीवर मी सभ्य माणसांना टेबलावर हात आपटताना पाहिलंय. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला तुम्हीच नाही का ओरडायचा? बाहेरून आणलेला खेळाडू गोल मारतोय तोवर तो तालमीचा वाघ, आणि मॅच गेली की "पेठेतली पोरं का बसवली रे?" इथं गॅलरीच्या जागी वीस हजार खुर्च्या, बाकी तेच.

मग लोकांना वाटलं, काढा ह्याला. पण काढायचं तर करारानुसार तीन कोटी डॉलरच्या वर मोजावे लागत होते. विद्यापीठ म्हणालं, राहतोय तो. लोक चरफडले. आणि दोन आठवड्यांत कॅलिपारी स्वतःच उठून आर्कान्सॉ विद्यापीठाच्या संघाकडे गेला. काढायला एक पैसा लागला नाही. जे लोक "जा, जा" म्हणत होते तेच आता "आम्हाला सोडून गेला" म्हणून रुसले. ह्याला काय म्हणावं?

त्याच्या जागी मोठमोठ्या कोचांना विचारून झालं, कुणी आलं नाही. शेवटी आला मार्क पोप. १९९६ च्या कपवाल्या संघाचा कर्णधार, मध्ये डॉक्टरकी शिकायला गेला होता, ती सोडून कोच झाला. मुख्य कोच म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. नाव जाहीर झालं त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये सुतकच. आणि तीन दिवसांत काय चक्रं फिरली कोण जाणे, त्याचं नुसतं स्वागत करायला रप अरीना भरलं! सामना नाही, सराव नाही, माणूस दोन शब्द बोलणार म्हणून. तो बोललाही असा, की ही गादी तुमची, मी राखणदार. बस्स, लोकांना तेवढंच पाहिजे होतं.

आता खरी गंमत ऐका. पोप आला तेव्हा संघात शिष्यवृत्तीवरचा जुना खेळाडू एकही उरला नव्हता. कुणी एनबीएत गेले, कुणी दुसऱ्या कॉलेजात, काही कॅलिपारीबरोबर. पोपने जवळजवळ सगळा संघ पोर्टलमधून उभा केला: कुणी सॅन डिएगोहून, कुणी डेटनहून, कुणी ओक्लाहोमाहून. बहुतेकांचं शेवटचं वर्ष, म्हणजे तेही आले तसे गेले. कॅलिपारीची पोरं एका वर्षाची म्हणून बोंब होती ना? हीपण एका वर्षाचीच, फक्त दाढी-मिशा आलेली. पण ह्यावेळी कुणी भाडोत्री म्हणालं नाही. पोप प्रत्येक मुलाखतीत छातीवरच्या 'केंटकी' नावाबद्दल बोलतो, कॅलिपारी पोरांच्या भवितव्याबद्दल बोलायचा. पोरांच्या आईबापांना कॅलिपारीचं पटत असणार. गॅलरीला पोपचं पटतं.

१ फेब्रुवारीला कॅलिपारी आर्कान्सॉ घेऊन परत इथं आला. तिकिटांचे भाव ऐकूनच मी माघार घेतली, मेंटेनन्सवाल्याच्या घरी टीव्हीवर पाहिलं. आर्कान्सॉ तेव्हा लीगमध्ये सातपैकी सहा हरलेलं. कॅलिपारी मैदानात आला तशी अशी हुर्यो उठली, की टीव्हीवाल्याचं बोलणं ऐकू येईना. म्हातारा एकटाच टाळ्या वाजवत होता, त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. आणि जिंकलं कोण? आर्कान्सॉ, ८९-७९. दुसऱ्या दिवशी म्हातारा कामावर काही बोलला नाही. फक्त फ्रिजवरच्या कागदावर, उजव्या बाजूला, चौथं नाव लिहून ठेवलं.

मार्चमध्ये दोघेही शेवटच्या सोळांत पोहोचले आणि तिथंच थांबले. आर्कान्सॉ टेक्सस टेककडून जादा वेळेत दोन गुणांनी, केंटकी दुसऱ्या दिवशी टेनेसीकडून १३ गुणांनी. म्हणजे वादाचा निकाल लागायची सोयच राहिली नाही. पोपचे लोक म्हणतात, त्याने ड्यूकला हरवलं, टेनेसीला हंगामात दोनदा हरवलं, आणि तेही काही गडी जायबंदी असताना. कॅलिपारीचे लोक म्हणतात, त्याने लीगमध्ये रडतखडत चाललेला संघ सोळांत नेला. दोन्ही खरं.

आणि पुढे पैशाचं प्रकरण आहेच. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात. आता विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, अशी तडजोड कोर्टात आहे, याच आठवड्यात सुनावणी झाली. ते झालं की सोफ्यावर बसून आईला पटवण्यात कितीसा अर्थ राहील, ह्यावर कँटीनमध्ये अजून भांडण लागायचंय.

सध्याचं भांडण ताजं आहे. आमच्या जॉर्जटाउनचाच एक पोरगा, मलाकाय मोरेनो, सात फूट उंच, कारखान्यापासून जवळच्या ग्रेट क्रॉसिंग शाळेचा. गेल्या महिन्यात शाळेला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि आता केंटकीकडून खेळणार. म्हातारा म्हणतो पोप त्याला पहिल्या दिवसापासून उतरवणार. पोरगी म्हणते, बघाच, पोर्टलमधून पंचविशीचा कुणीतरी आणतील आणि आपला पोरगा बाकावर. दोघांनी दहा-दहा डॉलर काढून माझ्याकडे ठेवायला दिलेत, का तर मी "बाहेरचा, म्हणून निःपक्षपाती". पाकीट माझ्या खणात आहे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होईल. तुमचेही दहा लावू का, आणि कुणावर, ते कळवा. आईला सांगू नका.

तुमचा,
धाकटा