मुदतीच्या आडून सुटलेले खटले

महोदय,

३१ वर्षे मी न्यायालयात नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ‘मुदतबाह्य’, म्हणजे कायद्याने दिलेली मुदत उलटून गेलेला, हा शब्द या काळात माझ्या हातून किती रोजनाम्यांत (खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींत) लिहिला गेला, त्याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर तो मनातून गेला होता. थायलंडमधल्या ताक बाई या गावच्या खटल्याविषयी वाचले आणि तो परत आला. मी वाचतो त्या वर्तमानपत्रांत या खटल्याची फारशी दखल दिसली नाही, म्हणून हे पत्र.

ताक बाई हे थायलंडच्या दक्षिण टोकाला, नराथिवात प्रांतातले गाव. मलेशियाची सीमा लागूनच. वस्ती मुख्यतः मलय मुस्लिमांची. २५ ऑक्टोबर २००४ रोजी, रमजानच्या महिन्यात, तिथल्या पोलीस ठाण्यासमोर लोक जमले. ताब्यात घेतलेल्या सहा जणांना सोडा, ही त्यांची मागणी. गोळीबार झाला आणि ७ माणसे गेली. नंतर शेकडो पुरुषांना पकडून, हात पाठीमागे बांधून, लष्करी ट्रकांत एकावर एक पालथे रचले. रचले असेच म्हणतो, कारण पोती रचतात तसेच ते होते. शेजारच्या पत्तानी प्रांतातल्या लष्करी तळापर्यंतच्या त्या प्रवासात ७८ जण गुदमरून, चेंगरून मेले.

२००९ मध्ये मृत्यूच्या चौकशीत न्यायालयाने गुदमरणे हे कारण नोंदवले आणि अधिकारी आपले कर्तव्य बजावत होते, असेही म्हटले. पुढे सरकारने कुटुंबांना भरपाई दिली. खटला मात्र कोणी भरला नाही. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये कुटुंबांनी स्वतःच फिर्याद केली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती दाखल करून घेतली. सप्टेंबरात सरकारच्या बाजूनेही आरोप ठेवले गेले. दोन्ही मिळून आरोपी १४. घटनेच्या वेळी त्या भागातल्या सैन्याचा जो प्रमुख होता, तोही त्यात होता, आणि एव्हाना तो सत्ताधारी पक्षाचा खासदार झाला होता. वॉरंटे निघाली. एकही आरोपी हजर झाला नाही. तिथल्या कायद्यात मुदत २० वर्षांची, आणि तेवढ्या अवधीत आरोपी न्यायालयापुढे आला नाही तर खटलाच उरत नाही. २५ ऑक्टोबर २०२४ ची रात्र उलटली आणि ८५ माणसांच्या मृत्यूचे प्रकरण बंद झाले. आदल्या दिवशी पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा यांनी माफी मागितली होती. २००४ मध्ये त्यांचे वडील पंतप्रधान होते.

मुदतीचा कायदा मुळात वाईट नाही. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात, कोणाच्या मानेवर जन्मभर तलवार टांगून ठेवू नये. दिवाणी दाव्यांत तर मी त्याची बाजू घेईन. पण आरोपी सरकारचा माणूस, तपास करणारा सरकारचा, वॉरंट बजावायला जाणाराही सरकारचा, अशा ठिकाणी काही दडपावे लागत नाही. नुसते बसून राहिले तरी पुरते.

हे मी जवळून पाहिले आहे. १९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या न्यायालयात होतो. एक बाई फिर्याद घेऊन आल्या. नवऱ्याला कोठडीत मारहाण झाली होती. त्याच्या उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती. बाईंना यायला आठ महिने लागले होते, कारण आधी ठाण्यात, मग वरच्या कार्यालयात, मग दवाखान्यात दाखल्यासाठी, प्रत्येकाने त्यांना ‘उद्या या’ सांगितले होते. मुंबई पोलीस अधिनियमाचे (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम १६१ पोलिसांनी अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्यांना सहा महिन्यांची मुदत घालते. बचावाच्या वकिलांनी ते वाचून दाखवले. फिर्याद फेटाळली गेली. रोजनामा मीच लिहिला. बाई टेबलाशी येऊन म्हणाल्या, “साहेब, पुढची तारीख कधीची?” मी म्हणालो, आता तारीख नाही. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. संध्याकाळी शिपाई खिडक्या लावायला आला, तेव्हाही तिथेच होत्या.

म्हणून दक्षिण कोरियाचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्यामागची सत्ता लष्करी उठाव करून वर आलेल्या चुन दू-ह्वान यांची. पंधरा वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, सरकारी वकिलांनी त्यांच्यावर खटला भरायला नकार दिला. यशस्वी झालेल्या लष्करी उठावाला शिक्षा करता येत नाही, हे त्यांचे म्हणणे. मुले गमावलेल्या आया तोवर वर्षानुवर्षे दाद मागत होत्या. आता प्राध्यापक, वकील, विद्यार्थी असे सगळे त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि डिसेंबरात संसदेला विशेष कायदा करावा लागला. मधली वर्षे मुदतीत धरायची नाहीत, असे त्यात ठरले. १९९६ मध्ये चुन यांना फाशी सुनावली गेली, अपिलात जन्मठेप झाली. १९९७ संपता संपता त्यांना माफी देऊन सोडले, हे मला आजही पटत नाही. २०२१ मध्ये ते वारले, ग्वांगजूची क्षमा न मागता. तरी निकालपत्र दप्तरी आहे. ताक बाईच्या कुटुंबांकडे तेही नाही.

ग्वांगजूच्या लोकांनी स्वतःचा न्याय पदरात पडल्यावर दार लावून घेतले नाही. २००० पासून ते मानवाधिकारांसाठी पुरस्कार देतात. २००७ मध्ये तो मणिपूरच्या उपोषणकर्त्या इरोम शर्मिला यांना मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी थायलंडच्या अंगखाना नीलापायजित यांना. त्यांचे पती सोमचाय हे दक्षिण थायलंडमधल्या मुस्लिमांचे वकील. अशिलांचा कोठडीत छळ झाल्याची तक्रार त्यांनी केली आणि १२ मार्च २००४ रोजी बँकॉकमधून ते नाहीसे झाले. आजवर सापडलेले नाहीत. माणूस नाहीसा करणे हा तेव्हा तिथे वेगळा गुन्हाच नव्हता. अंगखाना आणि त्यांच्यासारख्या कुटुंबांनी नेट धरला. २०२३ मध्ये तसा कायदा तिथे लागू झाला, आणि मे २०२४ मध्ये थायलंडने सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करारही स्वीकारला. त्या करारात माणसाचा ठावठिकाणा लागेपर्यंत गुन्हा चालूच आहे असे धरतात, आणि मुदत त्यानंतर सुरू होते.

भारताने त्या करारावर फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली. ज्याने तो बंधनकारक होतो ते अनुसमर्थन अजून झालेले नाही. मणिपूरमधल्या १,५२८ कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने, केवळ काळ लोटला म्हणून मृत्यूकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे सांगितले आहे. मग अडते कुठे? वाचकांनी आपापल्या खासदारांना हा प्रश्न लेखी विचारावा. वकील संघांनी ताक बाईच्या कुटुंबांना पाठिंब्याचा ठराव पाठवावा. त्याला एका सभेपलीकडे काही लागत नाही. आणि आपल्या आमदारांनी कलम १६१ ची सहा महिन्यांची अट एकदा तपासावी. वर सांगितलेल्या बाईंना कराराचा उपयोग झाला नसता, या दुरुस्तीचा झाला असता.

न्यायालयातले जुने कागद किती वर्षे ठेवायचे, यालाही नियम आहेत. बाईंच्या त्या फिर्यादीचे कागद केव्हाच नष्ट झाले असतील. म्हणून ती हकीकत इथे लिहिली.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी