काकीचं ताट

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

वास्तुशांतीच्या पाहुण्यांची यादी दादाने परवा वाचून दाखवली. आत्या, मामा, भजनी मंडळ, बांधाशेजारचे, सगळे आहेत. धाकटी काकी नाही. विचारलं तेव्हा आई, तू म्हणालीस, "बघू गं." हे 'बघू' ऐकून वीस वर्षं उलटून गेली. म्हणून या वेळी लिहितेय. फोनवर विषय बदलता येतो.

काका २००२ च्या पावसाळ्यात गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. दवाखान्यात त्यांच्या खाटेला लाल अक्षरांची पाटी टांगलेली होती आणि जेवणाचा डबा दारातूनच आत सरकवला जायचा. आजार होता एचआयव्हीचा, एड्स. पण त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, 'तो रोग' एवढंच म्हणायचे. तेरावं झालं आणि काकीचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. तिच्यासाठी एक जर्मनचं ताट ठरलं. दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या काठावर खिळ्याने फुली मारली होती. ते ताट उंबऱ्यावर ठेवायचं काम माझं. मी मागे सरेपर्यंत काकी थांबायची, मग उचलायची. एकदा भाकरी घसरून खाली पडली. मी उचलायला वाकले, तर तीच म्हणाली, "नको बाळा, तू हात लावू नको." इतकं आपण तिला शिकवलं होतं. दिवाळीच्या आत तिचे भाऊ टेम्पो घेऊन आले.

गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणालं. जी बाई माहेर आणि शेत सोडून कुठे गेली नाही, तिच्या पायगुणावर खापर फुटलं. काकांकडेही मला बोट दाखवायचं नाही. महिना महिना ट्रकवर असलेल्या माणसाला तेव्हा कुणी काही सांगितलंच नव्हतं. मनाला लागतं ते वेगळंच. काका गेले त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने याच आजारावरची तीन औषधं आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली होती. औषध आपल्या मुंबईत तयार होत होतं आणि आपण काकांना अंगारा लावत होतो. सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. काकांसाठी उशीर झाला. काकीलाही लागण झालेली होती, ती त्या औषधांनी वाचली.

अकरा वर्षं मी तपासणी केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करतेय. रोज लोकांच्या बोटांना सुई टोचते, रक्ताचे नमुने हाताळते, हातमोजे काढते, हात धुते आणि डबा खाते. सोबत बसणाऱ्या एक ताई स्वतः पॉझिटिव्ह आहेत. त्यांच्या डब्यातलं लोणचं मी मागून घेते. एका ताटात जेवल्याने, शिंकेने, डास चावल्याने, कडेवर घेतल्याने हा विषाणू जात नाही. तो जातो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, सुईतून आणि आईकडून बाळाला. आणि बाळाचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. गरोदरपणात आईची औषधं सुरू झाली आणि बाळाला जन्मल्यापासून औषध दिलं, तर बहुतेक बाळं निगेटिव्ह राहतात. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावरच्या गोलांत टिपतो आम्ही. शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. मागच्या महिन्यात अशीच एक आई तो शेवटचा रिपोर्ट हातात घेऊन किती तरी वेळ नुसती उभी होती. मग विचारते, "ताई, आता हिचा पापा घेऊ का?" दीड वर्षं तिने लेकीच्या गालाला ओठ लावले नव्हते. कुणी तरी घरातल्याच माणसाने तिला भीती घातली होती. मला त्या वेळी आपला उंबरा आठवला.

मी गेल्या रविवारी काकीकडे जाऊन आले. (पुढचं तिला विचारूनच लिहितेय.) आधी तिला दिवसातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागायच्या, आता रात्री एकच. रक्तातल्या विषाणूंचा रिपोर्ट तिने ट्रंकेतून काढून दाखवला: विषाणू सापडत नाहीत. असा रिपोर्ट कायम राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात अशा शेकडो जोडप्यांचा काही वर्षं अभ्यास झाला. औषध नियमित घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. ताटाचा तर प्रश्न तेव्हाही नव्हता.

अण्णा, एक कायद्याचंही सांगते, रागावू नका. १० सप्टेंबर २०१८ पासून एचआयव्हीचा वेगळा कायदा लागू आहे. पॉझिटिव्ह माणसाला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. काकीला कोर्टकचेरी करायची नाही. तिने जमिनीचं अवाक्षर काढलं नाही. पण विहिरीकडचा तुकडा काकांच्या वाट्याचा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमचंही मन मला कळतं. तेव्हा तुमच्या पदरात आम्ही दोन लहान मुलं होतो आणि डॉक्टरच घाबरलेले होते. मीही मोठी झाल्यावर, सगळं शिकल्यावर, तिच्याकडे जायला नऊ वर्षं लावली. त्याची लाज वाटते.

तर फोन मला किंवा दादाला करायला लावू नका, अण्णा. तुम्ही स्वतः करा. दिराची हाक वेगळी असते. तिने विचारलं, "आणि तिकडं माझी अडचण नाही ना?" तर आई, फोन तू घे. आणि पुरणाचं तिच्याकडेच सोपव. तिच्या हातची पोळी आत्या अजून आठवते.

ते फुलीचं ताट माळ्यावर पितळी घंगाळात आहे, मी मे महिन्यात पाहिलंय. ती यायच्या आत भंगारात द्या.

तिची गोळी रात्री नऊला असते. जेवणं त्याआधी उरका.

तुमची,
माई