जॉन स्टॅनलीचं वादन कुठे गेलं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जॉन स्टॅनली या अठराव्या शतकातल्या दृष्टिहीन इंग्लिश ऑर्गनवादक-संगीतकारावरचा लेख वाचला आणि खरंच राग आला. अर्धा लेख तो दोन वर्षांचा असताना पडला आणि त्याची दृष्टी कशी गेली यातच संपलाय. अहो, पण तो वाजवायचा काय, लिहिलं काय?

11 व्या वर्षी लंडनच्या एका चर्चने त्याला ऑर्गनिस्ट नेमलं, 17 व्या वर्षी ऑक्सफर्डची संगीताची पदवी, आणि 1734 पासून 1786 ला मरेपर्यंत तो टेंपल चर्चमध्ये वाजवत होता, हँडेलसारखा मोठा संगीतकारसुद्धा तिथे ऐकायला यायचा. ही काय कोणी दया दाखवली होती का त्याला? 1748 ते 1754 मध्ये त्याच्या ऑर्गनच्या 30 व्हॉलंटरी (चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी-नंतर वाजवायच्या रचना) छापून आल्या, काहींत संथ सुरुवात आणि मग ऑर्गनमधूनच निघणाऱ्या ट्रम्पेटसारख्या आवाजात खणखणीत धावणारा भाग, आणि तेव्हाच्या बहुतेक इंग्लिश ऑर्गनना पायाने वाजवायच्या पट्ट्याच नव्हत्या म्हणजे सगळं दोन हातांत. यावर एक ओळ नाही तुमच्याकडे.

मला हे लागलं कारण माझा भाचा दृष्टिहीन आहे. त्याला कीबोर्डच्या क्लासला घेऊन गेले तर तिथल्या सरांनी एक सूरही वाजवायला न सांगता "नोटेशन कसं वाचणार, उगाच फी कशाला भरता" म्हणून परत पाठवलं, आणि हे पोरगं तिकडे बाकावर बसून आतल्या मुलांची धून बरोब्बर गुणगुणत होतं. स्टॅनलीला नवीन ओरेटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदाची, बहुधा धार्मिक कथेवरची मोठी रचना) बसवायचा असला की मेहुणी एकदा वाजवून दाखवायची, तेवढ्यावर त्याचं पाठ व्हायचं. हँडेल गेल्यावर ओरेटोरिओचे सीझन चालवणाऱ्यांत हाच होता, 1779 ला राजाच्या वाद्यवृंदाचा प्रमुखही झाला. हे छापलं असतंत तर मी कात्रण नेऊन त्या सरांच्या हातात दिलं असतं. आता काय देऊ, पडल्याची गोष्ट?

आणि अजून एक. तुमच्या ई-पेपरचं पान नुसता फोटो असतो, भाच्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर त्यातलं अक्षरही वाचत नाही, स्टॅनलीवरचा लेखसुद्धा मलाच वाचून दाखवावा लागला. निदान पुरवणी तरी टेक्स्टमध्ये द्या, आणि स्टॅनलीच्या संगीतावर कोणा ऑर्गन वाजवणाऱ्याकडून नीट लिहून घ्या.

आपली,
एक वाचक, पुणे