बेसिलला नागपूरचे वेळापत्रक हवे

महोदय,

बेसिल म्हणजे तुळशीच्या जातीचे, स्वयंपाकात पाने वापरायचे रोप. त्याच्या बियांच्या पाकिटावर ‘पूर्ण ऊन, नियमित पाणी’ अशी सूचना बहुधा छापलेली असते. जेथे लोक ऊन खाण्यासाठी मुद्दाम बागेत जाऊन बसतात, अशा थंड प्रदेशात ती योग्यच आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात तिचे तंतोतंत पालन करणे म्हणजे रोप भाजून काढणे होय. गच्चीवर आणि गॅलरीत हे रोप आता अनेक घरी दिसते, मात्र आपल्या हवामानाला धरून लिहिलेली माहिती मराठीत फारशी वाचायला मिळत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

उन्हाळ्यात सरबतात आणि फालुद्यात आपण जो सब्जा घालतो, ती याच वनस्पतीची बी आहे. किराणा दुकानातला चमचाभर सब्जा पेरला तरी रोपे उगवतात. पाने जरा लहान आणि वास अधिक तीव्र असतो, पण चटणीला ती उत्तम. रुंद पानांचाच वाण हवा असेल तरच पाकीट विकत घ्यावे. बी पेरण्याआधी भिजवू नये, कारण तिच्याभोवती लगेच बुळबुळीत थर धरतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. ओल्या मातीवर कोरडी बी भुरभुरून वर मातीचा अगदी पातळ थर दिला की आठवडाभरात कोंब दिसतात.

आपली काळी माती कापसाला मानवते, कुंडीतल्या बेसिलला नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, उन्हाळ्यात तिला भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. म्हणून काळ्या मातीत तेवढेच शेणखत किंवा गांडूळ खत आणि तेवढीच कन्हानची रेती मिसळावी, कुंडीचे छिद्र मोकळे ठेवावे आणि पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंड्यांना घालण्याची काटकसर अनेक घरांत चालते. त्या पाण्यात क्षार साचलेले असतात, त्यामुळे निदान बेसिलला तरी ते घालू नये.

पेरणीसाठी नागपुरात सर्वांत भरवशाचा काळ म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा सप्टेंबर. त्या रोपांची पाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरभरून मिळतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की वाढ थबकते, पाने पिवळसर होतात. त्या वेळी खताचा मारा न करता कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवणे पुरेसे असते. मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली एवढेच त्याला झेपते.

खरी चूक मात्र तोडणीत होते. स्वयंपाकाला हवीत म्हणून लोक बुंध्याजवळची मोठी पाने ओरबाडतात आणि शेंडा तसाच ठेवतात, त्यामुळे रोप काठीसारखे उंच वाढते आणि लवकर मंजिऱ्या धरते. रोप वीतभर झाले की खाली पानांच्या दोन जोड्या राखून त्यांच्या थोडे वर शेंडा कात्रीने छाटावा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन नव्या फांद्या फुटतात आणि पुढे त्याही तशाच छाटता येतात. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक हिरवा भाग काढू नये. मंजिरी दिसताच खुडावी, कारण फुलावर आलेल्या रोपाची पाने लहान व कडसर होतात आणि खोड लाकडासारखे बनते. वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या नेमाने खुडणाऱ्या घरांतही तिच्या या बहिणीला कात्री लावताना हात अडखळतो, याची मला गंमत वाटते. बियांसाठी एखादे झाड फुलू द्यावे, मधमाश्याही येतात.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर करावी. फ्रिजमध्ये ही पाने काळी पडतात, म्हणून छाटलेल्या काड्या पेल्यातल्या पाण्यात ओट्यावरच ठेवाव्यात. त्यांतल्या काहींना पेल्यातच मुळे फुटतात आणि त्या नव्या कुंडीत लावता येतात. शिजवताना पाने गॅस बंद केल्यानंतरच घालावीत, नाहीतर वास उडून जातो.

आपल्या पुरवणीत विदर्भाच्या ऋतुमानाप्रमाणे परसबागेचे महिनावार सदर सुरू करावे, अशी विनंती आहे. महाराजबागेलगतच्या कृषी महाविद्यालयातील तज्ज्ञांकडून ते लिहून घेता येईल. शहरातील रोपवाटिकांनीही कुंडीवर किमतीच्या चिठ्ठीसोबत लागवडीचा महिना आणि उन्हाळ्यात सावली लागते की नाही, एवढे दोन शब्द मराठीत लिहावेत.

— एक वाचक, नागपूर