रँडम_शफलच्या जागी काय लिहायचं, हे सांगणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सी++ भाषेच्या 2014 च्या मानकातलं (सी++ 14) कोड 2017 च्या मानकावर (17) नेताना तुम्ही आमच्या टीमला दाखवलेली वाट इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे आभार चारचौघांत.

रँडम_शफल, म्हणजे यादीचा क्रम यादृच्छिकपणे मिसळणारं फंक्शन, 14 मध्ये नापसंत यादीत गेलं आणि 17 च्या मानकातून काढलं गेलं. तरीही लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर ते चालवून घेतो, फार तर इशारा देतो. मॅकवरचा क्लँग कंपायलर मात्र अडतो, कारण त्याच्या लिबसी++ या मानक लायब्ररीमध्ये 17 निवडलं की ते नाव उरतच नाही. 'आमच्याकडे बिल्ड होतंय' या वाक्याला तुम्ही का हसत होता, ते तेव्हा कळलं. त्यावर मॅक विकत घ्यायची गरज नाही, लिनक्सवरच क्लँगला लिबसी++ जोडून दुसरं बिल्ड लावा, हा सल्ला तर लाखमोलाचा.

17 मधून काढलेल्या ऑटो_पीटीआर या जुन्या स्मार्ट पॉइंटरचं काम सरळ होतं: त्याच्या जागी युनिक_पीटीआर लिहायचं, कंपायलर जिथे कॉपीवर ओरडेल तिथे मूव्ह (मालकी पुढे देणं) घालायचं.

खरी मेख शफलमध्ये, म्हणजे रँडम_शफलच्या जागी येणाऱ्या नव्या फंक्शनमध्ये. क्लँग-टायडी हे कोड सुधारणारं साधन जुनं नाव आपोआप बदलून देतं, पण सोबत रँडम_डिव्हाइसमधून सीड (सुरुवातीचा आकडा) घेणारा नवा एमटी19937 हा यादृच्छिक आकड्यांचा जनरेटर घालतं. म्हणजे दर वेळी क्रम वेगळा, आणि ठरलेल्या क्रमावर बेतलेल्या चाचण्या कोसळल्याच. सीड पक्का केला तरी भागत नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही अजून चाचपडत असतो. एमटी19937 चे आकडे मानकाने बांधलेले आहेत. ते आकडे वापरून शफल अदलाबदल कशी करतं, ते बांधलेलं नाही. त्यामुळे एकाच सीडवर दोन लायब्ररी दोन वेगळे क्रम देऊ शकतात. तुमचा उपाय चार ओळींचा: स्थानं 0 पासून मोजून शेवटच्या स्थानापासून 1 पर्यंत उलटं यायचं, प्रत्येक स्थान आयसाठी जनरेटरच्या आकड्याला आय अधिक 1 ने भागून बाकी काढायची आणि बाकी येईल त्या स्थानाशी अदलाबदल करायची. बाकीमुळे किंचित झुकाव येतो, पण 32 बिटांच्या आकड्यापुढे काही हजारांच्या यादीत तो नगण्य.

आवृत्ती तपासणाऱ्या अटीही तुम्ही पुसायला लावल्यात. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वेगळा पर्याय दिल्याशिवाय भाषेची आवृत्ती सांगणाऱ्या सीप्लसप्लस मॅक्रोत 199711, म्हणजे सी++ 98 चाच आकडा, सांगत राहतो, मग 17 ची अट तिथे कधी लागूच होत नाही. शिवाय शफल आणि युनिक_पीटीआर दोन्ही सी++ 11 पासून आहेत, तेव्हा अट हवीच कशाला?

काढलेली जुनी नावं लिबसी++ मध्ये परत आणणारे मॅक्रो आता फक्त बाहेरचं जुनं हेडर ओढणाऱ्या फाइलींपुरते उरलेत. ते हेडर बदललं की तेही काढू.

आपली आभारी,
बिल्ड सांभाळणारी मंडळी