पाय दाबून धरला की ब्रेकचं पेडल खाली जातं, आणि तुम्ही म्हणता लाइनमधे एअर आहे

प्रति,
मॅनेजर साहेब,
विक्री आणि सर्व्हिस विभाग

विषय: ब्रेकचा टँडम मास्टर सिलिंडर आतून लीक, एक बँजो बोल्ट चुकीच्या आट्याचा, आणि माल न बघताच नाकारलेली तक्रार

नमस्कार साहेब,

मी कोल्हापूरची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या बाहा टीममधे ब्रेकचं सगळं काम माझ्याकडे आहे. बाहा एसएईइंडिया ही कॉलेजच्या टीमची गाडी बांधायची स्पर्धा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, दरवर्षी कितीतरी टीम तुमच्याकडूनच सामान नेतात हे ऑर्डर घेताना तुमच्याच माणसाने सांगितलं होतं आणि त्याच भरवशावर मी तुमच्याकडून घेतलं. तरी एकदा सांगते, कारण नंतर फोनवर जे बोलणं झालं त्यावरून असं वाटलं की आम्ही खेळण्यातली गाडी बनवतोय असा तुमचा समज आहे. आम्ही पोरंपोरी पाईप वाकवून, स्वतः वेल्डिंग मारून एका माणसाची ऑफरोड गाडी बांधतो, ती मध्य प्रदेशात पिथमपूरला नेतो, तिथे आधी टेक्निकल इन्स्पेक्शन, मग ब्रेक टेस्ट, आणि ती पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर जात नाही. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस असते, दगडधोंडे, उड्या, चिखल सगळं. त्या गाडीत आमच्यातलाच एक मुलगा बसतो.

तुमच्याकडून १९.०५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) टँडम मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो, चार ब्रेडेड होज, बँजो बोल्ट (होज जोडायचे, आतून ऑइल जाणारे पोकळ बोल्ट), तांब्याचे वॉशर आणि डॉट ४ ब्रेक ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या. बिल ७,८६० रुपये, त्यात सिलिंडरचे १,९५०. बिल माझ्या नावावर आहे आणि पैसे आम्ही वर्गणी काढून भरलेत.

आधी बोल्टचं सांगते, ते लवकर संपेल. बिलावर चारही बोल्ट एम १० × १.२५ (१० मिमी जाड, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.२५ मिमी) लिहिलेत आणि पाकिटावरही तेच छापलंय. त्यातला एक १.० पिचचा निघाला. कॅलिपरमधे, म्हणजे चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबतो त्या भागात, हाताने फिरवला तर दोन आटे गेला आणि अडकला. उद्यमनगरातले आमचे टर्नरकाका नेहमी सांगतात की बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, पाना नंतर, म्हणून मी तिथेच थांबले. दोन बोल्ट शेजारी शेजारी धरून उजेडात बघितले तर आटे एकमेकांत बसतच नव्हते, मधून उजेड येत होता. पाना लावला असता तर ॲल्युमिनियमच्या कॅलिपरचे आटे गेले असते आणि पुढच्या चाकाचा ब्रेक ऐन वेळी सुटला असता. हा बोल्ट पॅक करताना कोणी एकदा तरी बघितला होता का?

आता सिलिंडर. नियम असा आहे की एकाच पायाच्या पेडलवर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, डांबरावर पण आणि मातीत पण, पेडलपासून सिलिंडरपर्यंत केबल चालत नाही, सरळ कडक रॉड लागतो, आणि दोन वेगवेगळी हायड्रॉलिक सर्किट लागतात म्हणजे एक लाइन फुटली तरी दोन चाकांना ब्रेक राहतो. टँडम सिलिंडर त्यासाठीच घेतात, एका बॉडीत दोन पिस्टन, दोन खाने. पुश रॉडच्या बाजूचा खाना आम्ही मागच्या चाकांना दिला आणि दुसरा पुढच्या. आमचा पेडल रेशो ६ ला १ आहे, पेडल पायाचा जोर सहापट करतं, म्हणजे पायाने ४० किलो जोर दिला तर रॉडवर २४० किलो येतो आणि त्या बोअरवर साधारण ८४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर प्रेशर व्हायला पाहिजे. हे सगळं कागदावर करून, सरांकडून तपासूनच तुमच्याकडे ऑर्डर दिली होती.

फिटिंग झालं, लाइनमधे अडकलेली एअर काढली, गाडी वर्कशॉपच्या मागच्या सिमेंटच्या रस्त्यावर पळवली. ड्रायव्हरने जोरात लाथ घातल्यासारखा ब्रेक मारला की चारही चाकं लॉक, रस्त्यावर चार काळे पट्टे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्याने एकदा हळू, दाबत दाबत ब्रेक लावला तर पुढची दोन थांबली आणि मागची फिरतच राहिली. परत झटक्यात मारला तर चारही लॉक. दोन दिवस आम्हाला कळेना हे काय चाललंय, आधी पॅडवर संशय घेतला, मग मागच्या कॅलिपरवर, आणि कॅलिपर काढून एअर काढायचं निपल वरच्या बाजूला आहे का ते पण बघितलं, कारण निपल खाली राहिलं की आत एअर अडकते. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात एकदा मीच सीटवर बसून पेडल दाबून धरलं, नुसतं धरलं, आणि ते माझ्या पायाखाली हळूहळू खाली जायला लागलं. कुठेही ऑइलचा थेंब नाही, होज कोरडे, जॉइंट कोरडे, आणि पेडल खाली. अर्ध्यावर जाऊन मात्र टणकन थांबलं. खरं सांगते साहेब, त्या क्षणी पोटात गोळा आला.

ही व्हिडिओ क्लिप मी तुमच्या सर्व्हिसवाल्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. तीन दिवसांनी मीच फोन केला तर ते म्हणाले, ताई तुम्ही एअर नीट काढलेली नाही, कॉलेजची पोरं असंच करतात आणि पार्टला नाव ठेवतात. मी म्हणलं आम्ही चार वेळा काढली. तर म्हणाले पाचव्यांदा काढा. काढली. तुमच्याच दोन्ही बाटल्या त्यात संपल्या, आणि ऑइल सांडून रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या पाइपांच्या सांगाड्याच्या) पायाजवळचा रंग फुगून सालपटासारखा निघाला, लगेच पाणी मारलं म्हणून बाकीचा वाचला.

एअर असली की पेडल कसं होतं हे आम्हाला माहितीये. स्पंजासारखं लागतं, दोनतीन वेळा पंप केलं की वर येतं आणि कडक होतं. आमचं पेडल पहिल्या दाबालाच कडक लागायचं आणि मग धरून ठेवलं की बसायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि ब्रेकचे पार्ट विकणाऱ्या माणसाला हा फरक मी सांगावा लागतो याचं मला खरंच वाईट वाटलं.

तरी म्हणलं आपलंच चुकत असेल, म्हणून सिलिंडर गाडीवरून काढला, टेबलवर व्हाइसमधे धरून त्याची एअर काढली आणि दोन्ही आउटलेटला नवे तांब्याचे वॉशर घालून डमी बोल्टने पोर्ट बंद केले. आता ना होज, ना कॅलिपर, ना आमचं काही, फक्त तुमचा सिलिंडर आणि त्यातलं ऑइल. अशा वेळी रॉड दाबला की जेमतेम हलून दगडासारखा थांबायला पाहिजे. तो हळूहळू आत गेला. आम्ही टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला, पहिल्या दाबाला एक छोटा फवारा वर येतो तो नॉर्मल आहे, पण रॉड दाबून धरलेला असताना मागच्या सर्किटच्या भोकातून ऑइलची बारीक धार टाकीत वर येतच राहिली, टाकीतलं ऑइल सारखं हलत होतं. म्हणजे पुश रॉडच्या बाजूच्या पिस्टनचा रबरी कप (सील) प्रेशर धरत नाही, ऑइल कपाच्या कडेवरून परत टाकीकडे पळतं. झटक्यात मारला की पळायला वेळ मिळत नाही म्हणून चारही लॉक व्हायची, हळू दाबला की मागचं प्रेशर निघून जायचं, मागचा पिस्टन पुढच्याला जाऊन टेकायचा आणि फक्त पुढची चाकं धरायची. अर्ध्यावर टणकन थांबायचं ते म्हणूनच. सिलिंडर आम्ही खोललेला नाही, आतलं सगळं धरून ठेवणाऱ्या सर्क्लिपला हात लावलेला नाही, खोलला तर वॉरंटी जाते हे बॉक्सवर लिहिलंय.

याचा पण व्हिडिओ पाठवला. यावेळी उत्तर लगेच आलं, एका ओळीत: रबर पार्टला गॅरंटी नसते. साहेब, मी रबर पार्ट घेतलेला नाही, मी सिलिंडर घेतलाय. आतला कपच प्रेशर धरणार नसेल तर बाकीचं लोखंड काय कामाचं?

तेव्हा निघायला सहा दिवस राहिले होते. उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्या काकांनी गिऱ्हाइकाच्या व्हॅनसाठी आणून ठेवलेला तेवढ्याच बोअरचा नवा सिलिंडर आम्हाला दिला, पैसे नंतर द्या म्हणाले. तेच होज, तेच कॅलिपर, तीच आम्ही काढलेली एअर, आणि पेडल जागचं हलेना. पाच मिनिटं दाबून धरलं, नाही हललं. पिथमपूरला जजनी टॉर्च घेऊन दोन्ही लाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या, पेडलवर स्वतः जोर देऊन बघितला, ब्रेक लाइट बघितला. ब्रेक टेस्टला पहिल्यांदा मागचं एक चाक थोडं फिरलं कारण नवे पॅड अजून बसले नव्हते, ते मात्र आमचं चुकलं, दुसऱ्यांदा चारही लॉक झाली आणि पास झाल्याचा स्टिकर मिळाला. म्हणजे एअर आम्हाला काढता येते.

पण मी हे पत्र स्टिकर मिळाल्यावर पण का लिहितेय ते सांगते. आमच्या शेजारच्या पिटमधे एक टीम रात्री अकरा वाजता एअर काढत बसली होती, सातव्यांदा. ऑइलची बाटली तुमची, सिलिंडर तुमचा. मी त्यांच्या ड्रायव्हरला म्हणलं पेडल दाबून धर. खाली गेलं. त्यांच्या बॉक्सवरचा लॉट नंबर आणि माझ्या बॉक्सवरचा एकच निघाला, दोन्हीचे फोटो जोडलेत. त्यांना पण तुमच्याकडून एअर काढा हेच उत्तर मिळालं होतं. आम्हाला निदान सहा दिवस आधी कळलं. आणि हा सिलिंडर तुम्ही फक्त टीमला विकत नाही, कोणाच्या तरी भाजीच्या व्हॅनमधे पण बसत असेल, आणि तो माणूस सिग्नलला उतारावर पेडलवर पाय ठेवून उभा राहणार.

मला पाहिजे ते एवढंच. सिलिंडरचे १,९५० रुपये आणि दोन बाटल्यांचे पैसे परत, चुकीच्या बोल्टच्या बदल्यात बरोबर बोल्ट. त्या लॉटचा जो माल दुकानात आहे तो विकणं आजच थांबवा, पोर्ट बंद करून एकेक दाबून बघा, आणि ज्यांना आधी विकलाय त्यांना बिलावरच्या नंबरवर फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेतच. पैशांपेक्षा मला हे फोन जास्त महत्त्वाचे वाटतात. १५ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवेन आणि लागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, बिल, चॅट आणि व्हिडिओ सगळं जपून ठेवलंय.

सिलिंडर ऑइल काढून, पुसून, पोर्टला डमी लावून तुमच्याच बॉक्समधे भरून ठेवलाय, सोबत तो १.० चा बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने लिहून. पिकअप पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. आणि येणाऱ्या माणसाच्या हातात देण्याआधी मी त्याच्यासमोर एकदा व्हाइसमधे लावून दाबून दाखवणार आहे, त्यामुळे त्याला अर्धा तास जास्तीचा घेऊन पाठवा.

आपली,
ब्रेक विभाग प्रमुख, बाहा टीम
कोल्हापूर

सोबत: बिलाची कॉपी, दोन्ही व्हिडिओ, दोन्ही बॉक्सवरच्या लॉट नंबरचे फोटो