जनावर कुठे बघतंय?

पुणे,
१४ डिसेंबर

प्रिय शिऱ्या,
सप्रेम नमस्कार.

ताडोब्याचे फोटो मिळाले. सगळे नीट, मोठ्या पडद्यावर बघितले. ‘तोंडदेखलं काही बोलू नकोस’ असं तूच लिहिलंयस, तेव्हा आता ऐकून घे. लेन्स झकास आहे, हात स्थिर आहे, फोकस बहुतेक ठिकाणी डोळ्यावरच बसलाय. तरी अर्ध्याअधिक फोटोंत काहीतरी खटकतं आणि ते सगळीकडे एकच आहे. जनावर दिसलं की तू ते फ्रेममध्ये कोंबतोस. ते बघतंय कुठे, हे बघतच नाहीस.

ती रस्त्याकडेची वाघीण घे. उजवीकडे चाललीय, नाक फ्रेमच्या कडेला जवळजवळ टेकलंय आणि शेपटीमागे हा एवढा मोकळा रस्ता. फोटो बघणारा आधी तिच्या डोळ्याशी जातो आणि तिथून ती बघते तिकडे निघतो. तिकडे तू भिंत बांधून ठेवलीयस! मग तो बिचारा मागे फिरतो आणि धुळीत चाकाच्या खुणा मोजत बसतो. शेपटीमागे थोडी आणि नाकापुढे भरपूर जागा असती, तर तीच वाघीण कुठेतरी निघालेली वाटली असती. कॅमेरा जिथे फोकस धरतो तो फोकस पॉइंट कायम मधलाच ठेवायची तुझी सवय यामागे आहे. एकाच जागी बसलेल्या जनावराला ती चालून जाते. चालणाऱ्याला नाही. सफारीची जिप्सी थांबली आणि जनावर कुठल्या दिशेला निघालंय हे कळलं, की आधी पॉइंट सरकव, मग कॅमेरा डोळ्याला लाव. आणि फ्रेम जरा सैल ठेव, क्रॉप घरी आल्यावर करता येतो.

आता चितळांचा फोटो. ‘हा असाच’ म्हणून तू शेवटी टाकलायस, मला मात्र सगळ्यांत तोच आवडला. सात-आठ माद्या, सगळ्यांच्या माना डावीकडे, कान ताठ पुढे, शेपट्या वर. पुढच्या मादीने पुढचा पाय उचलून धरलाय, म्हणजे आता आपटणार. वाघाच्या चाहुलीने धोक्याचा कॉल चालू असणार त्या वेळी, हो ना? इथे तू डावीकडे जागा सोडलीयस आणि त्या जागेत नुसता बांबू आहे. वाघिणीला जे चुकलं तेच इथे मुद्दाम करून बघ. डावी कड पहिल्या मादीच्या तोंडाजवळ आण. जागा मोकळी असली की माणूस बांबूत वाघ शोधतो, तो सापडत नाही आणि विषय संपतो. जागा कापली की वाघ फ्रेमच्या बाहेर, अगदी कडेला उभा राहतो. नजरेपुढे जागा सोडा, हे सगळेच सांगतात आणि दहातल्या आठ वेळा ते खरंही असतं. पण जनावर ज्याच्याकडे बघतंय ते दाखवायचं की लपवायचं, हे आधी ठरवावं लागतं. एकच अडचण आहे. उजवीकडचं ते पाडस सरळ तुझ्याकडे बघतंय. आपली नजर तिथे जाऊन चिकटते आणि बाकीच्या माद्यांचा सगळा ताण वाया जातो. एका दमात काढलेल्या त्या बर्स्टमध्ये पुढचा-मागचा एखादा फोटो असेल तर शोध.

पाठमोरा वाघ तू ‘बुडाचा फोटो’ म्हणून उडवायला निघालायस. उडवू नकोस. कानांच्या मागचे ते दोन पांढरे ठिपके बघ, मागूनसुद्धा तो आपल्याकडे बघतोय असं वाटतं. समोर रस्ता आहे, तो भरपूर राहू दे.

आणि तो डावीकडे बघणारा वाघ आरशासारखा उलटवून घेऊ का, असं विचारलंयस. तुला तसा तो जास्त बरा वाटतो हे मला पटतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडे निघालेलं जनावर आपल्याला सरळ निघालेलं वाटतं आणि डावीकडचं जणू आपल्यावर चालून येतं. उर्दू वाचणाऱ्याला बहुधा उलट वाटेल. पण वाघ उलटवायचा नाही. त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. म्हणून तर गणतीसाठी, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने लावतात. तू फोटो उलटवलास की जो वाघ जंगलात नाहीच तो तयार होतो. तिथला गाइड फोटो बघून तुला विचारेल, साहेब, हा कुठला? मग काय सांगशील? त्यापेक्षा डावीकडेच बघू दे. आपल्याला अडवून बघणारा वाघ वाईट दिसत नाही.

पक्ष्यांचं मात्र प्रकरण वेगळं आहे आणि जानेवारीत तू भिगवणला येतोयस म्हणून जरा सविस्तर लिहितो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्ष्याने कुठे तोंड करायचं ते बरंचसं वारा ठरवतो. उभा पक्षी वाऱ्याकडे तोंड करतो, नाहीतर मागून वारा शिरून पिसं विस्कटतात. उठताना आणि उतरतानाही तो वाऱ्याकडे तोंड करूनच. रोहित पक्षी तर पाण्यावरून पळत पळत वाऱ्याच्या विरुद्ध उठतात. तेव्हा सकाळी ऊन पाठीशी घ्यायला आपण थव्याच्या पूर्वेला होडी लावली आणि वाराही पूर्वेचा असला, तर सगळे आपल्याकडे तोंड करून. वारा पश्चिमेचा असला तर नुसत्या शेपट्या. अशा वेळी हट्ट सोडायचा आणि होडीवाल्याला सांगून बाजूला सरकायचं. ऊन तिरकं पडतं, पण चेहरा तरी मिळतो.

चेहरा म्हणजे अगदी समोरचा नको. पाचशे मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ ५.६ आणि चित्रबलाक दहा मीटरवर, असं धर. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम तेरा सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो, त्यातला अर्धाच फोकसच्या पुढे. त्याची चोच चांगली वीतभर. सरळ आपल्याकडे रोखली की डोळा लख्ख आणि चोचीचं टोक धुरकट. पूर्ण बाजूने घेतलास तर सगळं स्वच्छ येतं, पण पाठ्यपुस्तकातलं चित्र वाटतं. बाजूने उभा असताना तो मान आपल्याकडे किंचित वळवेल, तो क्षण धरायचा. तीच मान तेवढीच पलीकडे वळली की डोळा कितीही स्वच्छ असो, फोटो गेला. रोहित तर चोच उलटी करून पाण्यात घालतात. मान वर येईपर्यंत बोट आवरायचं.

आणखी एक. कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-फरसाण टाकणारे पर्यटक हल्ली कुठेही भेटतात. आपण टाकायचं नाही. पक्ष्यांच्या पोटाचा प्रश्न आहेच, शिवाय सगळे कुरव फेकणाऱ्याच्या हाताकडे बघत असतात आणि ते फोटोत लपत नाही.

पहाटे लवकर निघू, उजाडताना होडीत बसलेलं बरं. कुंभारगावला ओळखीचा होडीवाला आहे, त्याला सांगून ठेवतो. पाण्यावर कडाक्याची थंडी असते, कानटोपी विसरू नकोस. चितळांची ती सगळी बर्स्ट मात्र त्याआधी पाठव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मंग्या